ड्रॅगनला पिंजरा लावा!

खऱ्या बांधावरचं भांडण खेळातल्या खोट्या बांधाच्या मानाने सोपं असतं. मोजणीवाला येतो, दोघा भावांना मान्य नसलेला आकडा सांगतो, आणि मग दोघे भाऊ एक होऊन मोजणीवाल्यावर धावून जातात. खोट्या बांधावर मात्र मोजणीवाला मीच असतो आणि धावून येणाऱ्यांत सगळ्यात पुढे माझे सख्खे दाजी असतात.

दाजी आंबेगाव तालुक्यातले, मंचरच्या अलीकडचे. थोरल्या बहिणीचा नवरा म्हणजे आमच्याकडे अर्धा देव. त्यांना 'असं नाही, तसं' म्हणायची सोय नाही. त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, अवसरीला इंजिनिअरिंग शिकते. दिवाळीच्या सुट्टीत ती एक पेटी घेऊन आली आणि नारायणगावजवळच्या आमच्या मळ्यात, कांद्याच्या रिकाम्या बराखीत, तिने ती उघडली. तेव्हापासून जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांचे संबंध पूर्वीसारखे राहिलेले नाहीत.

पेटीतल्या खेळाचं नाव डन्जन्स अँड ड्रॅगन्स. एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. सांगणारा म्हणतो, "समोर दरी आहे, पलीकडे राक्षस उभा आहे, काय करता?" ज्याला जे सुचेल ते त्याने करायचं. ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. यात कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही आणि पैसाही लागत नाही.

"मग खेळायचं कशाला?" दाजींनी विचारलं.

"मजा म्हणून, पप्पा."

"मजेत नंबर कोण काढतं?"

गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी एका पतसंस्थेत वसुलीला असतो. मामाला रोज नवनव्या गोष्टी ऐकायची सवय आहे, तेव्हा सांगताही येतील, असा भाचीचा हिशेब. पण वसुलीला गेलेला माणूस फक्त चहा पितो, "बरं, पुढच्या महिन्यात बघा" म्हणतो आणि परत येतो, हे तिला कोण सांगणार? माझी खेळ चालवायची पद्धतही नेमकी तीच आहे.

सुरुवातीला प्रत्येकाने आपलं पात्र तयार करायचं असतं. फासे टाकून ताकद, चपळाई, दम, बुद्धी, शहाणपण आणि छाप या सहा गुणांना ३ ते १८ असे आकडे द्यायचे. बुद्धी आणि शहाणपण वेगवेगळं मोजणाऱ्या माणसाने नक्की ग्रामपंचायतीत एक टर्म काढलेली असणार, असं आमच्यातल्या निवृत्त मुख्याध्यापक गुरुजींचं मत पडलं. दाजींना शहाणपणात ४ पडले. "चालतंय. ताकद किती?" ते म्हणाले. ताकद १७ निघाली. पात्राच्या पूर्वेतिहासाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'गाव वरची आळी. धंदा मारामारी. बैल चार.'

भाचीने आपला पूर्वेतिहास बारा पानी लिहून आणला होता. तिचं पात्र म्हणजे पाण्याखाली गेलेल्या गावातली शेवटची मुलगी. तिला रात्री धरणाच्या तळातून देवळाची घंटा ऐकू येते. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडलं ते जुनं आंबेगाव डिंभे धरणात बुडालं, त्यामुळे हे ऐकताना बराखीत कोणी हललं नाही. थोरल्या वहिनींनी पदर डोळ्यांना लावला.

"हिच्याकडं बैल किती?" दाजींनी विचारलं.

वहिनी महिला बचत गटाच्या अध्यक्ष आहेत. त्यांनी जखमा बऱ्या करणारी देवर्षीण घेतली आणि लगेच लुटीची नोंदवही घातली. शेठ टोमॅटोचे व्यापारी, नारायणगावच्या बाजारातले. ते चोर झाले. "अनुभव हाय," दाजी एवढंच म्हणाले, आणि पहिलं भांडण गोष्ट सुरू व्हायच्या आधीच होऊन गेलं. गुरुजी जादूगार झाले, पण जादू करण्यापेक्षा जादूचा नियम वाचण्यात त्यांना रस. ते इंग्रजी पुस्तक त्यांनी लाल पेनाने तपासून मला परत केलं. राहिला धाकटा चुलतभाऊ. त्याचं पात्र कोण आहे हे त्याला अजून माहीत नाही. तो मासवडीसाठी येतो, मोबाइलमध्ये डोकं घालून बसतो आणि पाळी आली की मान वर करून "काय चाललंय?" म्हणतो. सांगितलं की म्हणतो, "मग हाना की." त्याचा फासा पंधराच्या खाली कधी पडत नाही.

गोष्ट मी आपल्याच भागातली घेतली. परक्या मुलखातले किल्ले डोळ्यांसमोर कोणाच्या येणार? आपल्याकडे नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांतला माल याच घाटाने वर चढून जुन्नरला यायचा. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकत असं म्हणतात. मी असं रचलं की रांजणातली नाणी रोज रात्री गायब होतात आणि चोर आहे शेजारच्या जीवधन किल्ल्यावर, धान्यकोठीत राहणारा ड्रॅगन. किल्ल्यावर जायचं आणि त्याला मारायचं, एका रात्रीचं काम.

त्या रात्री कोणी रांजणापासून हललं नाही.

"जकातीचा रांजण कशावरून?" गुरुजी म्हणाले. "पाण्याचाही असेल."

"आपण जकातीचा धरू, गुरुजी."

"धरू म्हणजे? पुराव्याशिवाय?"

शेठना जकातीचा दर हवा होता. तो मालावर की बैलावर? बैल म्हटल्यावर दाजी जागे झाले. भाची तेवढ्यात मशाल घेऊन लेण्यात शिरली. तिथे भिंतीवर नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि नाण्यांची त्यात आकड्यांसकट यादी आहे. मी आवाज खोल नेऊन वर्णन करत होतो.

"म्हंजी वर्गणीचा बोर्डच की," वहिनी म्हणाल्या. "इतर खर्च किती दाखवलाय?"

त्याच लेण्यात सातवाहन राजघराण्याच्या पुतळ्यांची आता नुसती पावलं उरली आहेत. "वरचं कुणी नेलं? आधी त्याला धरू," म्हणून दाजी उलट्या दिशेने घाट उतरायला लागले. मी ड्रॅगनसाठी खास घसा बसवून आवाज तयार केला होता. तो ड्रॅगन रात्रभर धान्यकोठीत वाट बघत बसला.

पुढच्या खेपेला मी शहाणपणाने कथा थेट जुन्नरच्या बाजारात नेली. जीवधन चढायचा तर दोर हवा. दोराची किंमत पुस्तकात छापलेली आहे, एक मोहर. मी दुकानदार झालो. शेठनी खिशातून रुमाल काढला. खरा रुमाल. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा करायची जुनी रीत आहे. शेठनी माझा हात रुमालाखाली ओढला आणि माझं मधलं बोट दाबलं. मला ती भाषा येत नाही. मी आपली त्यांची तीन दाबली.

"आरं, वाढवतोस कशाला!" शेठ कडाडले.

तासाभराने शेठकडे दोर होता, दुकानात निम्मी भागीदारी होती आणि माझ्या दुकानदाराकडे घरी जायला एसटीचे पैसे नव्हते. दाजी भिंतीला टेकून घोरत होते. "हे घोरणं दाजींचं की पात्राचं?" गुरुजींनी विचारलं. विचारण्याचं कारण, पुरेशी झोप घेतलेल्या योद्ध्याची ताकद नियमाप्रमाणे भरून येते. भाची वहीत तोंड खुपसून बसली होती. तिच्या बुडालेल्या गावाबद्दल अजून कोणी एक शब्द विचारला नव्हता.

हा रोग जगभरचा आहे हे कळल्यावर मला जरा धीर आला. कॅनडातल्या रॉबिन लॉज या खेळरचनाकाराने खेळ चालवणाऱ्यांसाठी २००२ मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्यात त्याने खेळाडूंचे प्रकार पाडले आहेत. कोणाला नुसती हाणामारी हवी असते, कोणाला आपल्या पात्राचे आकडे वाढवायचे असतात, कोणी डावपेच आखत बसतो, कोणी पात्रात शिरतो तो बाहेर येत नाही, आणि कोणी फक्त येऊन बसतो. मी एकेक प्रकार वाचत गेलो आणि बराखीत नजर फिरवत गेलो. हा माणूस मासवडी खायला कधी येऊन गेला होता कोण जाणे. त्याच्याही आधी, १९९६ मध्ये, रिचर्ड बार्टल या इंग्रजाने संगणकावर खेळणाऱ्यांची पत्त्यांच्या रंगांत वाटणी करून ठेवली. कमावणारे ते चौकट, शोध घेत हिंडणारे इस्पिक, गप्पांत रमणारे बदाम आणि मारत सुटणारे किलवर. मला वाटलं, मेंढीकोटात ज्यांचा हात कोणी धरत नाही त्या दाजींना हे तरी पटेल. त्यांनी मन लावून ऐकलंही.

"हुकूम कशाचा?" ते म्हणाले.

बार्टलने ते लिहून ठेवलेलं नाही. लिहिलं असतं तर माझी निम्मी भांडणं मिटली असती.

गुरुजींनी मात्र एका रात्री खेळाचा इतिहास वाचून दाखवला तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी रचलेला हा खेळ १९७४ साली अमेरिकेतल्या लेक जिनिव्हा गावातून बाहेर पडला. तीन पुस्तिका, एक पेटी. पाचच वर्षांनी, १९७९ मध्ये, आर्नेसन आपल्या वाट्याच्या मानधनासाठी कोर्टात गेला आणि १९८१ मध्ये तडजोड झाली. "म्हणजे खेळ आपल्यातलाच हाय," शेठ म्हणाले, आणि त्या रात्री पहिल्यांदाच सगळे हसतखेळत घरी गेले.

तो हसताखेळता काळ एक आठवडा टिकला. पुढे बैल बोलला.

जुन्नर, आंबेगाव आणि खेड या पट्ट्यात बैलगाडा काय चीज आहे ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. पुढे घोडी, मागे बैल, निशाण पडलं की 'भिर्रर्र', आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत वर्षाची मेहनत घाटाच्या टोकाला पोचलेली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. मधली सगळी वर्षं दाजींनी बैल नुसते सांभाळले. स्वतः चहा बिनसाखरेचा प्यायले, बैलांच्या खुराकात काटकसर केली नाही. खेळातही तेच. लुटीतला सगळा हिस्सा चार काल्पनिक बैलांच्या पेंडीवर जाई. बैलांना झूल होती, चिलखत होतं. योद्धा स्वतः बंडीवर राक्षसांपुढे उभा राही.

अशात भाचीच्या पात्राला जनावरांशी बोलायचा मंत्र मिळाला.

"यात नवीन काय?" गुरुजी म्हणाले. "आळ्याला रेड्याची समाधी आहे. तो तर वेद म्हणाला होता."

"मी पप्पांच्या बैलाशी बोलते," भाची म्हणाली. "विचारते त्याला, तुला काय वाटतं?"

खेळात बैलाच्या वतीने बोलायचं ते मी. सगळे माझ्याकडे बघायला लागले. इतक्या रात्रींत माझं कोणी इतकं लक्षपूर्वक ऐकलं नव्हतं. मी डोळे मिटले, आवाज खर्जात नेला आणि म्हणालो, "दमलो गं पोरी. गुडघे गेले. नांगराला जुंपा, पन आता घाटात पळायला नको."

भाचीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. वहिनी "अगं बाई" म्हणाल्या. चुलतभावाने सुद्धा मोबाइल खाली ठेवला. दाजी शांतपणे उठले, चपला पायात सरकवल्या आणि दारातून म्हणाले, "माझा बैल आसं बोलनार नाय."

आणि गेले. मासवडी न खाता.

सकाळी अक्काचा फोन आला. "तू ह्यांच्या बैलाला काय बोललास?"

"मी नाही बोललो, अक्का. बैल बोलला."

"बैल कसा बोलंल?"

"तुझ्या पोरीनं मंत्र म्हटला."

बराच वेळ फोनवर नुसता गोठ्यातल्या घंटीचा आवाज. मग अक्का हळू आवाजात म्हणाली, "बाळ्या, तू सकाळचा पन प्यायला लागलास का?"

दाजींचा निरोप दुपारी आला. बैलाने शब्द मागे घ्यावेत आणि ते चारचौघांत घ्यावेत. एवढ्यावर भागलं असतं, पण तोवर गोष्ट फुटली होती. चहाच्या टपरीवर कोणीतरी म्हणालं, दाजींच्या बैलाचे गुडघे गेलेत म्हणे. खऱ्या बैलाला बघायला यायचं म्हणत असलेलं गिऱ्हाईक खेडमधूनच माघारी फिरलं. आता तो प्रश्न दोन तालुक्यांच्या इभ्रतीचा झाला.

आम्ही शिष्टमंडळ नेलं. गुरुजींनी खुलासा लिहून आणला होता: 'शनिवारी रात्री काल्पनिक बैलाने केलेल्या विधानाशी प्रत्यक्ष बैलाचा कोणताही संबंध नाही.' वहिनींनी त्यावर गटाचा शिक्का मारला, कारण शिक्क्याशिवाय कागदाला वजन नसतं. दाजींनी तो खुलासा मला गोठ्यात उभं करून बैलासमोर मोठ्याने वाचायला लावला. बैल देखणा होता, गुडघे उत्तम होते. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि माझ्या सदऱ्याला नाक पुसलं. ही स्वीकृती धरली गेली. पुढच्या शनिवारी भाचीने पुन्हा मंत्र म्हटला आणि काल्पनिक बैलाने सगळ्यांदेखत सांगितलं की, त्या दिवशी मी रागाच्या भरात बोललो. मंत्राची मुदत दहा मिनिटं असते, माफी तेवढ्यात बसली पाहिजे, म्हणून गुरुजी घड्याळ लावून बसले होते. बसली.

असा प्रसंग पुन्हा येऊ नये म्हणून वहिनींनी समन्वय समिती नेमली. समितीने प्रत्येकाचा कोटा ठरवला. शेठना खरेदीसाठी पंधरा मिनिटं. गुरुजींना तीन हरकती. दाजींना दर अर्ध्या तासाला एक मारामारी. भाचीला एकदा रडणं, पूर्वेतिहासासह. चुलतभावाने मोबाइल पालथा ठेवायचा. मला वाटलं, सुटलो. पहिल्याच शनिवारी शेठनी गुरुजींच्या दोन हरकती विकत घेतल्या आणि त्या दाजींच्या मारामारीवर घातल्या. दाजींनी पुढच्या आठवड्याच्या मारामाऱ्या उचल म्हणून आजच मागितल्या. न वापरलेलं रडणं पुढे नेता येतं का, असं भाचीने लेखी विचारलं. वहिनींनी तोवर हरलेल्या राक्षसांच्या बायकांचा बचत गट काढून त्यांना अंतर्गत कर्जवाटप सुरू केलं होतं, त्यामुळे राक्षसांना मारायला आता त्यांचाच विरोध होता. मारले तर हप्ते कोण भरणार? या मुद्द्यावर मी त्यांच्या बाजूने होतो. वसुलीचं दुःख मला कळतं. बैठक साडेदहापर्यंत चाले, खेळ पावणेअकरा ते अकरा.

शेवटी आण्णांना बोलावलं. आण्णा शेजारच्या मळ्यात राहतात, ऐंशीच्या घरात आहेत आणि उभं आयुष्य तमाशात सोंगाड्या होते. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. पाडव्याच्या सुमाराला इथे फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात. जुन्या वगात संवाद लिहिलेले नसत. कथानक तेवढं ठरलेलं, बाकी राजा, प्रधान, शिपाई, ज्याला जे सुचेल ते त्याने उभ्या उभ्या बोलायचं. म्हणजे आमचाच खेळ, फाशावाचून. रुसलेला राजा, उचल घेतलेला ढोलकीवाला आणि समोर दगड घेऊन बसलेलं पब्लिक ज्याने सांभाळलं, त्याला आमचे सहाजण काय अवघड?

आण्णांनी बिडी विझवून सगळं ऐकून घेतलं. "तुमच्यात राजा कोन हाय?"

"राजा नाही, आण्णा. सगळे सारखेच."

"मग सोंगाड्यानं थट्टा कुनाची करायची?"

या खेळाच्या सगळ्या पुस्तकांत मला इतका नेमका प्रश्न सापडलेला नाही. पुढे ते म्हणाले, समोरच्याने बोल टाकला की झेलायचा, मग वाढवायचा. पाडला तर दोघंही पडतात. गुरुजींनी हे लिहून घेऊन खाली रेघ मारली. तेवढ्यात चुलतभावाला शिंक आली आणि सर्दी झाली म्हणत तो निघायला उठला. आण्णांनी त्याच्याकडे असं काही बघितलं की तो अर्धवट उभाच राहिला. "विठाबाई खेळ चालू आसताना आत जाऊन बाळंत झाली आन पुन्ना फडावर उभी ऱ्हायली. आन तुला शिंक आली?" विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांची ती गोष्ट आमच्याकडे पोराटोरांना पाठ आहे. चुलतभाऊ बसला. नाक दाबून बसला.

इतका उत्तम सल्ला देणाऱ्या माणसाला एक रात्र खेळायला घ्यावं, असं सर्वानुमते ठरलं. आण्णांनी आधी गण म्हटला. गणाशिवाय सुरुवात होत नाही. मग गवळण. मग बतावणी, त्यात दुसरा जोडीदार नसल्याने दोन्ही बाजू त्यांनीच सांभाळल्या. दाजी हसून हसून कांद्याच्या पोत्यावरून खाली पडले. रात्री एकला आण्णा थांबले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "आता वगाला सुरुवात करू." झेलायला सगळे तयार होते, पण त्यांनी टाकणं थांबवलं तर झेलणार! ड्रॅगन बिचारा अजून धान्यकोठीतच होता.

तेव्हा मी ठरवलं की ही मंडळी ड्रॅगनकडे जात नसतील तर ड्रॅगनच यांच्याकडे आणायचा. पुढच्या शनिवारी दिवे मंद केले आणि कोणाला तोंड उघडू न देता सुरुवात केली, "मध्यरात्र. कुत्री एकदम गप्प झाली आहेत. गावाबाहेरच्या उसात काहीतरी सळसळतंय. दोन डोळे चमकतात. गोठ्यातल्या दोन शेळ्या नाहीशा झाल्या आहेत..."

बराखीतली हवाच बदलली. रांजण, दोर, बैल, कोटा, सगळं विसरून सहाच्या सहा माणसं पुढे सरकून बसली.

"वन खात्याला फोन लावा," शेठ म्हणाले.

"पंचनामा झाल्याबिगर शेळीला कुणी हात लावू नका," वहिनी. "भरपाई मिळत नाय."

"पिंजरा लावा पिंजरा," दाजी.

"माणिकडोहला जागा आहे का, ते आधी विचारावं लागेल," गुरुजी. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे. आमच्याकडे वस्तीवरच्या पोरालाही हे ठाऊक असतं.

"मामा!" भाची किंचाळली. "पप्पा! तो ड्रॅगन आहे! त्याला पंख आहेत! तो आग ओकतो!"

"मग लोखंडी पिंजरा लागंल," शेठ म्हणाले.

मी काही बोललो नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच सगळे एका दिशेला तोंड करून बसले होते, तिथे बिबट्या की ड्रॅगन यावर वाद घालणारा मी कोण? पिंजरा आला, उसाच्या कडेला लागला. पण पिंजऱ्यात भक्ष्य म्हणून शेळी हवी. कोणाची? आणि पुन्हा सगळं जिथल्या तिथे आलं. दाजींकडे फक्त बैल. शेठ शेळी भाड्याने द्यायला तयार, अनामत आगाऊ. गटाची शेळी द्यायची तर कोरम हवा, आणि राक्षसिणी गैरहजर होत्या. कागदावरसुद्धा नसलेली शेळी द्यायला कोणी राजी होईना. पिंजऱ्यात शेळीचा कप्पा वेगळा असतो, तिला काही होत नाही, हे गुरुजींनी फळ्यावर आकृती काढून दाखवलं.

चुलतभावाने मान वर केली. "काय चाललंय?"

"तुझी शेळी पाहिजे."

"घ्या की."

इतक्या सरळ उत्तराची कोणाला सवय नव्हती. वहिनींनी शेळीचं नाव लगेच चांदणी ठेवलं आणि तिला आत ठेवताना दोनदा परत बाहेर काढली. अखेर दार लावलं. सगळे उसाआड दबा धरून बसले. भाचीने डोळे मिटून पाण्याखालची घंटा ऐकली आणि सांगितलं की तो येतोय. दाजींनी, म्हणजे खुद्द दाजींनी, तिला विचारलं, "कुठून येतोय? तुझ्या त्या धरणावरून का?" भाची त्यांच्याकडे बघतच राहिली. वर पंखांची फडफड झाली. मी फासा उचलला.

"लाइट आली!" बाहेरून कोणीतरी ओरडलं.

शेतीच्या विजेची पाळी रात्रीची होती. वहिनी बॅटरी घेऊन मोटारीकडे पळाल्या, त्यांच्यामागे चुलतभाऊ, त्याच्यामागे शेठ, कारण शेठचं पाइपलाइनीत चुलतभावाशी निम्मं-निम्मं आहे आणि पाण्याच्या बाबतीत ते त्याला एकटा सोडत नाहीत. दाजींना त्याच वेळी घरून फोन आला, बैल चाऱ्याला तोंड लावत नाही. गाडीचा दिवा मंचरच्या रस्त्याला लागला सुद्धा. मुक्कामाला थांबलेली भाची, मी आणि जमीन मुलांच्या नावावर करून मोकळे झालेले गुरुजी, एवढेच उरलो.

"ड्रॅगनची पाळी आहे," गुरुजी म्हणाले.

"पण कोणी नाहीये, गुरुजी."

त्यांनी पुस्तक चाळलं. "हजेरीची अट कुठे दिसत नाही."

मी फासा टाकला. वीस पडले. गुरुजींनी आगीचं नुकसान नियमाप्रमाणे मोजलं, बेरीज दोनदा तपासली आणि लाल पेनाने एकेक नाव खोडत गेले. स्वतःचंही खोडलं.

"सगळे गेले?" भाचीने विचारलं.

"शेळी वाचली. लोखंडी पिंजरा होता ना."

पहाटे पाचला फोन वाजला. दाजी होते. मागून बैलाच्या रवंथाचा आवाज येत होता, म्हणजे त्याने चारा खाल्ला असावा.

"पोरीनं सांगितलं. आमी समदे मेलो म्हनं रात्री."

"हो दाजी. फासाच तसा पडला."

"ते ऱ्हाऊ द्या," दाजी म्हणाले. "बैल कुठं बांधले व्हते?"